मामांची फ्लॉपी आणि सिव्हिलायझेशन २

दिवाळीच्या आठ दिवस आधी मामांचा फोन आला. "नवा लॅपटॉप घेतलाय बघ. पण ह्यात सीडी घालायला जागाच न्हाई." कुठली सीडी, हे विचारायची गरजच नव्हती.

मामा कोल्हापुरात भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. १९९७ साली त्यांनी ४८६ या प्रोसेसरचा एक जुना संगणक विकत घेतला. त्यावर विंडोज ३.१ होतं आणि विकणाऱ्याने त्याच्या मूळ फ्लॉपींचा गठ्ठाही सोबत दिला होता. त्या संगणकावर मामा आणि माझा मामेभाऊ, बापलेक मिळून, एकच खेळ खेळले: शहरं वसवून राष्ट्र वाढवायचा, सिड मायरचा सिव्हिलायझेशन २. १९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेला एक डाव मामेभावाच्या दहावीसाठी थांबवला, फ्लॉपीवर उतरवून ठेवला आणि तो तसाच राहिला. संगणक भंगारात गेला. मामेभाऊ आता कॅनडात असतो. फ्लॉपी मात्र कपाटात होती, वर मामांच्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलेलं: "कोल्हापूर. पुसू नये."

मामांची मागणी सरळ होती. तो डाव, तिथूनच पुढे, नव्या लॅपटॉपवर. लॅपटॉपवर विंडोज ११. मी पुण्यात बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून घरात असली कामं आपोआप माझ्याकडे येतात. तीन संध्याकाळी गेल्या. जुना खेळ नव्या यंत्रावर अडतो तो नेमका कुठे, हे या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली संध्याकाळ: दार उघडतच नाही

यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, सीडी घातली, सेटअपवर दोनदा क्लिक केलं. निळ्या चौकटीत एकच निरोप: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, प्रकाशकाकडे योग्य आवृत्तीची चौकशी करा.

अशा वेळी सगळे जे करतात ते मीही केलं. उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी मोड. काही फरक नाही. फरक पडणारही नव्हता. कंपॅटिबिलिटी मोड म्हणजे प्रोग्रामला दाखवलेला एक देखावा असतो: तू विंडोज ९५ वरच आहेस असं सांगायचं, आवृत्तीचा आकडा जुना द्यायचा, काही फंक्शनं जुन्या सवयीप्रमाणे वागवायची. मुळात प्रोग्राम सुरू झाला तरच या देखाव्याचा उपयोग. आमचा प्रोग्राम सुरूच होत नव्हता.

का, ते बघायला सेटअपची फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. हे कुणालाही जमण्यासारखं आहे आणि जुन्या खेळाच्या बाबतीत सगळ्यात आधी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. डॉस आणि विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलची सुरुवात 'एमझेड' या दोन अक्षरांनी होते. ही डॉस घडवणाऱ्यांपैकी मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. त्यापुढे हेक्समध्ये ३सी या जागी एक आकडा असतो, तो फाइलीची ओळख सांगणाऱ्या खऱ्या मथळ्याचा पत्ता. त्या पत्त्यावर 'पीई' दिसलं तर फाइल ३२ किंवा ६४ बिटांची (प्रोग्राम एका दमात केवढा आकडा हाताळतो, त्याचं हे माप). 'एनई' दिसलं तर ती १६ बिटांची, म्हणजे विंडोज ३.१ च्या जमान्यातली.

सेटअपमध्ये एनई होतं. खेळाची स्वतःची ईएक्सई सीडीवर सापडली, तिच्यातही एनई.

इथेच प्रकरणाला दिशा मिळाली. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ खेळांत फक्त इन्स्टॉलर १६ बिटांचा असतो आणि खेळ ३२ बिटांचा. तेव्हाच्या कंपन्या इन्स्टॉलरची जुनी साधनं वर्षानुवर्षं वापरत राहिल्या. अशा खेळाच्या फाइली सीडीवर उघड्या पडल्या असतील तर त्या हाताने कॉपी करूनही काम भागतं. लोक "खेळ चालत नाही" म्हणून सोडून देतात, आणि न चालणारा असतो तो फक्त दारावरचा माणूस. आमच्याकडे दारावरचाही तसलाच आणि घरातलाही तसलाच. १९९६ चा हा खेळ विंडोज ३.१ आणि ९५ अशा दोन्हींवर चालावा म्हणून लिहिलेला होता, तेव्हा तो १६ बिटांचा असणं ओघानेच आलं.

६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचे प्रोग्राम का चालवत नाही, याचं कारण बरेच जण प्रोसेसरवर ढकलतात. डॉसच्या प्रोग्रामांपुरतं ते खरं आहे. ६४ बिटांच्या लाँग मोडमध्ये गेल्यावर प्रोसेसर आभासी ८०८६ मोड, म्हणजे डॉसचे प्रोग्राम ज्यात चालतात ती जुनी पद्धत, देत नाही. पण विंडोज ३.१ चे प्रोग्राम संरक्षित मोड या वेगळ्या पद्धतीतले असतात, आणि तसा १६ बिटांचा कोड आजचा प्रोसेसरही चालवू शकतो. मायक्रोसॉफ्टने दिलेलं मुख्य कारण वेगळंच आहे आणि मला ते पटतं. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला, प्रत्येक उघड्या फाइलीला एक क्रमांक दिलेला असतो, त्याला हँडल म्हणतात. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये या क्रमांकाचे ३२ बिट अर्थपूर्ण असतात. १६ बिटांच्या प्रोग्रामकडे तो ठेवायला जागा १६ बिटांचीच. क्रमांक कापून दिला तर अर्धा हरवतो. दहा आकडी मोबाइल नंबर पाच चौकटींच्या फॉर्मात लिहायला सांगावा तसं. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती होती, तिच्यात जुनी सोय चालू करता येत असे. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघाली नाही.

मामांना एवढंच सांगितलं, "मामा, ह्या लॅपटॉपला तुमच्या खेळाची भाषा कळत नाही. दुभाष्या आणावा लागेल."

"मग आण की," मामा म्हणाले.

कुठला रस्ता घ्यायचा

समोर चार रस्ते होते.

याच खेळाची पुढे निघालेली मल्टिप्लेअर गोल्ड आवृत्ती ३२ बिटांची आहे. नव्या विंडोजवर ती जशीच्या तशी कोसळते, पण हौशी मंडळींनी केलेल्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या छोट्या प्रोग्रामने, चालते. हा रस्ता मामांनीच बंद केला. त्या आवृत्तीत संगणकाकडची राष्ट्रं जास्त भांडखोर झाली आहेत, तह टिकत नाहीत, हे जुन्या खेळाडूंना चांगलं माहीत आहे. मामांचा डाव तहांवर उभा होता. "माणसं बदलली तर तो डाव माझा राहिला का?" हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

दुसरा रस्ता ओटीव्हीडीएम या मोफत साधनाचा. ते १६ बिटांच्या कोडची नक्कल करतं आणि प्रोग्रामने विंडोजला मारलेल्या हाका भाषांतर करून विंडोजच्या ३२ बिटांच्या फंक्शनांकडे पोचवतं. हँडलांची अडचण ते मधे एक तक्ता ठेवून सोडवतं. नुसता अडलेला इन्स्टॉलर पार करायचा असेल तर मी पहिल्यांदा हेच सुचवेन. पण संगीत, चित्रफिती, रंग हे सगळं तरीही विंडोज ११ च्याच भरवशावर राहतं. या खेळातल्या चित्रफिती इंटेलच्या इंडिओ या कोडेकमधल्या (चित्रफीत आवळून साठवायच्या पद्धतीतल्या) आहेत आणि त्या कोडेकमध्ये सुरक्षेच्या त्रुटी निघाल्यामुळे डिसेंबर २००९ मध्ये विंडोज एक्सपीवर त्याचा वापर रोखण्यात आला. तो निर्णय योग्यच होता. पण खेळात जगातलं एखादं आश्चर्य बांधून झालं की येणारी चित्रफीत, आणि पाच सल्लागारांचं ते खऱ्या नटांनी रंगवलेलं मंडळ, ज्यात एल्व्हिससारखा दिसणारा सल्लागार प्रजेच्या आनंदाची बाजू मांडतो, हे सोडून हा खेळ म्हणजे मिठाशिवाय आमटी.

तिसरा, आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा नकली संगणक, करून त्यात विंडोज ९५ घालायचं. पण विंडोज ९५ मध्ये वेळ मोजणाऱ्या लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आज्ञा, आहेत. प्रोसेसर फार वेगवान असला की मोजलेला वेळ शून्य निघतो, शून्याने भागाकार होतो आणि विंडोज सुरू होतानाच थांबतं. साधारण २.१ गिगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर ही अडचण नोंदलेली आहे. त्यावरही पॅच आहेत, पण मामांकडे विंडोज ९५ नव्हतंच.

होतं ते विंडोज ३.१. म्हणून चौथा रस्ता: डॉसबॉक्स. हा मोफत प्रोग्राम प्रोसेसरपासून साउंड कार्डापर्यंत अख्खा जुना संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. डॉस त्यातच असतं. त्यात मामांच्याच फ्लॉपींवरचं विंडोज ३.१ घालायचं आणि त्यात खेळ. म्हणजे त्यांचा ४८६ च पुन्हा जोडायचा. आणखी एक फायदा माझ्या डोक्यात होता: हे सगळं एका फोल्डरमध्ये मावतं, आणि फोल्डर कॅनडाला पाठवता येतो.

दुसरी संध्याकाळ: फ्लॉपी

यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांकडून आणला. विंडोज ११ ला तो लगेच कळला. विंडोजच्या फ्लॉपी एकेक करून कॉपी केल्या. पाचवी निम्म्यात अडायची. बुरशीचा बारीक डाग होता. पत्र्याची झडप सरकवून, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चकती हलकेच पुसली, वाळू दिली, आणि चौथ्या प्रयत्नात ती वाचली गेली. डावाची फ्लॉपी मी सगळ्यात शेवटी घेतली. तिच्या आधी ड्राइव्हचं डोकंही साफ केलं, कारण घाण डोकं चांगली फ्लॉपीही ओरबाडतं. ती पहिल्या फटक्यात वाचली गेली. मामा तोवर बोलले नव्हते. आत एकच फाइल होती, नाव कोल्हापूर.

सगळ्या फ्लॉपींच्या फाइली एकाच फोल्डरात टाकून तिथून सेटअप चालवलं की विंडोज ३.१ फ्लॉपी बदलायला न सांगता बसतं. दहा मिनिटांत प्रोग्राम मॅनेजर, म्हणजे विंडोज ३.१ चा पहिला पडदा, समोर आला. मामी चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपलंच!"

मग खरी कामं निघाली. विंडोज ३.१ मुळात १६ रंगांत उघडतं, खेळाला २५६ लागतात. डॉसबॉक्स एस३ ट्रायो६४ या ग्राफिक्स कार्डाची नक्कल करतो, म्हणून त्याचा विंडोज ३.१ साठीचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) घातला. पडदा ८०० बाय ६०० वर ठेवला. त्याहून मोठा ठेवता आला असता, पण मामांच्या डोळ्यांना अक्षरं बारीक झाली असती. आवाजासाठी साउंड ब्लास्टर १६ चा ड्रायव्हर. इथे लोक हमखास फसतात. डॉसबॉक्स आपलं कार्ड २२० हा पत्ता, ७ हा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) आणि १ हा डीएमए (मेमरीशी थेट वाट) अशा आकड्यांवर ठेवतो. ड्रायव्हर स्वतःहून ५ हा इंटरप्ट धरून चालला तर आवाज येत नाही, किंवा अर्धा सेकंद येऊन तुटतो. दोन्हीकडे तेच आकडे हवेत.

मग खेळाचा इन्स्टॉलर चालवला. आदल्या दिवशी ज्याने दार लावून घेतलं होतं, त्याने या वेळी निमूट सगळ्या फाइली उतरवून दिल्या.

तिसरी संध्याकाळ: संगीत कुठे गेलं

खेळ उघडला, तलवारींचे आवाज आले, चित्रफिती आल्या. संगीत नाही. मामा म्हणाले, "ढोल वाजायचे की गं."

चूक माझी होती. दरवेळी सीडी लावायला नको म्हणून मी तिची प्रतिमा, म्हणजे सीडीची फाइलीतली नक्कल, केली होती, आणि ती आयएसओ प्रकारात केली होती. आयएसओमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक येतो. या खेळाची सीडी मिश्र प्रकारची आहे: पहिल्या ट्रॅकवर डेटा आणि त्यापुढचे ट्रॅक साध्या ऑडिओ सीडीसारखे, गाण्यांचे. ही सीडी टेपरेकॉर्डरच्या सीडी प्लेअरमध्ये घातली तर पहिला ट्रॅक सोडून बाकीचे वाजतील. आयएसओ करताना मी ते सगळं संगीत मागे ठेवून आले होते. पुन्हा प्रतिमा केली, या वेळी बिन आणि क्यू अशा जोडीत. बिनमध्ये सीडीचा कच्चा मजकूर असतो आणि क्यू ही छोटी मजकूर फाइल कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगते. डॉसबॉक्सला आयएमजीमाउंट आज्ञेने क्यू फाइल दिली की खरी सीडी घातल्यासारखंच होतं.

तरी संगीत नाहीच. उरलेला दोष विंडोज ३.१ च्या बाजूला होता. ऑडिओ सीडी वाजवणारा एमसीआय सीडी ऑडिओ हा ड्रायव्हर त्यात आपोआप बसलेला नसतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ड्रायव्हर्स उघडून तो हाताने जोडावा लागतो, आणि जोडताना सीडी ड्राइव्ह समोर असावा लागतो. जोडला, विंडोज पुन्हा सुरू केलं, खेळ उघडला.

ढोल वाजले. मामांनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली.

डाव उघडण्याआधी एक काम राहिलं होतं आणि ते मला माहीतच नव्हतं. मामा म्हणाले, "गावांची यादी दुरुस्त केलीस का?" या खेळाच्या कितीतरी गोष्टी साध्या मजकूर फाइलींत आहेत. नियम एका फाइलीत, शहरांची नावं दुसऱ्या फाइलीत, नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतात. भारतीयांच्या यादीत दिल्ली, मुंबई, मद्रास अशी सुरुवात होऊन पहिल्या दहांत कोल्हापूर येतं. परदेशात बनलेल्या खेळात आपलं गाव बघून १९९७ मध्ये त्या घरात काय झालं असेल, ते मी बघू शकते. पण यादीच्या शेवटाकडे बंगाल, पंजाब, सिंधू, गंगा अशीही नावं आहेत. नद्या आणि प्रांत शहरं म्हणून वसवायचे, हे भूगोलाच्या शिक्षकाला कसं चालावं? त्यांनी तेव्हाच ती काढून सांगली, मिरज, सातारा, पंढरपूर घातली होती. वसलेल्या शहरांची नावं डावाच्या फाइलीतच जपलेली असतात, पण नवं शहर वसवताना खेळ यादीतून नाव सुचवतो. यादी पुन्हा मामांनी सांगितली तशी केली. मूळ फाइलीची प्रत शेजारी ठेवली.

मग डाव उघडला. नकाशा आला, किनाऱ्याला कोल्हापूर, लोकसंख्येचा आकडा बारा, लिओनार्डोची कार्यशाळा बांधून झालेली. सातारा उपाशी. मामांनी आधी साताऱ्याकडे बघितलं. "ह्याला पाण्याचं कालवं काढायचं ठरलं होतं. तो म्हणाला होता, आधी ग्रंथालय."

सुरू करणं सोपं व्हावं म्हणून डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलीत शेवटी सगळ्या आज्ञा लिहून ठेवल्या: फोल्डर जोड, सीडीची प्रतिमा जोड, विंडोज सुरू कर आणि त्यातच खेळ उघड. डेस्कटॉपवरच्या एका चित्रावर दोनदा क्लिक केलं की झालं. एक कागद मात्र लॅपटॉपशेजारी चिकटवला आहे. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०. पडदा पूर्ण करायला ऑल्ट आणि एंटर. विंडोजची खिडकी फुलीवर दाबून बंद करायची नाही, आधी खेळातून बाहेर पडायचं, मग विंडोजमधून. फुलीवर दाबलं तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. ते मामांना दोनदा सांगितलं आणि त्यांनी लाल पेनाने अधोरेखित केलं.

फोल्डरच्या तीन प्रती केल्या: लॅपटॉपवर, एका पेनड्राइव्हवर आणि माझ्याकडे. फ्लॉपी पुन्हा कपाटात गेली, तिची झडप टेपने रोखून आणि लिहिण्याची खिडकी उघडी सरकवून, म्हणजे तिच्यावर कुणालाही काही लिहिता येणार नाही. खेळाची सीडी आणि विंडोजच्या फ्लॉपी मामांनी स्वतः विकत घेतलेल्या, म्हणून मन स्वच्छ होतं. सिव्हिलायझेशनचे तिसऱ्या भागापासूनचे खेळ आज ऑनलाइन विकत मिळतात, हा दुसरा मला कुठे मिळाला नाही. म्हणून ज्यांच्याकडे मूळ सीडी आहे त्यांनी तिची बिन आणि क्यू प्रत आजच काढून ठेवावी. सीडीवरचा चकचकीत थर उडाला की त्यापुढे कुठलाही डॉसबॉक्स उपयोगाचा नाही.

रात्री साडेअकराला मामेभावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. मामांनी लॅपटॉप फिरवून पडदा दाखवला. तो बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "बाबा, साताऱ्याला आधी कालवा काढा."

ठरलं असं की दहा चाली मामांनी करायच्या, फाइल पाठवायची, पुढच्या दहा त्याने. पहिल्या दहा त्याच रात्री झाल्या. डाव जतन करायची वेळ आली तेव्हा मामा थांबले. जुन्या फाइलीवर नवी लिहायची त्यांची तयारी नव्हती. पण विंडोज ३.१ मध्ये फाइलीचं नाव रोमन आठ अक्षरांहून मोठं चालत नाही, आणि कोल्हापूर रोमनमध्ये बरोबर आठ अक्षरांचं आहे. मामांनी शेवटचं 'आर' काढलं, तिथे २ लिहिला आणि एंटर दाबलं.